शाळेचे वर्ष आणि धानाचे वर्ष

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा हे गाव आहे. १९२३ साली बांधला गेलेला तेथील तलाव आता शंभरी ओलांडून गेला आहे, आणि त्याच्या पाठीशी नागझिऱ्याचे जंगल उभे आहे. १९७० साली या जंगलाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०१३ साली ते नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले. वाघ पाहावयास येणाऱ्यांच्या गाड्या ज्या दारांतून जंगलात शिरतात त्यांपैकी एक चोरखमाऱ्याचे आहे. तलाव, धानाच्या बांध्या आणि जंगल या तिहींच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाला जीवशास्त्र शिकविण्यासाठी निराळी प्रयोगशाळा उभारावयास नको, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात या टापूतील मुले जीवशास्त्र शिकतात ते राज्यातील इतर मुलांसारखेच: पुस्तकाच्या पहिल्या धड्यापासून शेवटच्या धड्यापर्यंत, पावसाळ्यात सावकाश आणि उन्हाळ्याच्या तोंडावर धावत. हा दोष एखाद्या शिक्षकाचा किंवा एखाद्या शाळेचा म्हणता येणार नाही. तो नियोजनाचा दोष आहे, आणि त्याची किंमत कोण मोजतो याचा विचार फारसा झालेला नाही.

प्रथम वर्षाचा हिशेब पाहावा. उन्हाच्या तीव्रतेमुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात. २०२४-२५ या वर्षी राज्यात इतरत्र शाळा १५ जूनला सुरू झाल्या, तर विदर्भात १ जुलैला. शालान्त परीक्षा मात्र सर्व राज्याची एकाच दिवशी सुरू होते. २०२४ साली ती १ मार्चला सुरू झाली होती. २०२५ साली ती २१ फेब्रुवारीवर आली. म्हणजे त्या वर्षी दहावीच्या वैदर्भीय विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून परीक्षेच्या दिवसापर्यंत आठ महिनेही मिळाले नाहीत, आणि पुण्या-कोल्हापूरच्या विद्यार्थ्यापेक्षा त्याचा पंधरवडा कमी भरला. उन्हात मुलांना शाळेत बसवू नये हे योग्यच आहे. पण सुट्टी हवामानाप्रमाणे आणि परीक्षा कॅलेंडरप्रमाणे, अशी विभागणी झाली की मधला तोटा कोणाच्या तरी खात्यावर पडतो. तो विद्यार्थ्याच्या खात्यावर पडतो.

या आठ महिन्यांतूनही बरेच काही वजा करावे लागते. दिवाळीची सुट्टी, घटक चाचण्या, सत्र परीक्षा, स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा, आणि शिक्षकांच्या माथी येणारी निवडणुकीची व सर्वेक्षणांची कामे ही वजाबाकी सर्वत्र सारखी आहे. धानपट्ट्यातील शाळेची आणखी एक वजाबाकी असते. ती कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नसते. जुलैमध्ये पऱ्हे तयार होतात आणि पाऊस लागला की रोवणी सुरू होते. त्या दिवसांत घरातील प्रत्येक हात मोलाचा असतो. नववीतील मुलगी रोवणीला जाते किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहते. दिवाळीच्या सुमारास कापणी आणि मग मळणी येते. मार्चच्या मध्यापासून मोह गळू लागतो, आणि जंगलाकाठची कुटुंबे पहाटेपासून फुले वेचण्यास जातात. शाळेचे वर्ष आणि धानाचे वर्ष ही दोन वर्षे एकाच गावात एकाच वेळी चालतात. मूल दोन्ही वर्षांत जगते. शाळेला मात्र दुसऱ्या वर्षाची दखल घ्यावीशी वाटत नाही.

आता पाठ्यपुस्तकाकडे वळू. २०१७ साली नववीसाठी आलेल्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकात अठरा प्रकरणे आहेत. आरंभ गतीच्या नियमांनी होतो. त्यामागून ऊर्जा, विद्युत आणि रसायनाची प्रकरणे येतात. वनस्पतींचे वर्गीकरण सहावे आहे, परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह सातवे, सूक्ष्मजीव आठवे. सजीवांमधील जीवनप्रक्रिया पंधराव्या, आनुवंशिकता व परिवर्तन सोळाव्या आणि जैवतंत्रज्ञानाची ओळख सतराव्या स्थानी आहे. पुस्तकरचनाकारांनी हा क्रम काही एका विचाराने लावला असेल, आणि पुस्तक म्हणून त्यात गैर काही नाही. पुस्तकाला कोठे तरी आरंभ आणि कोठे तरी शेवट असणारच. प्रश्न उद्भवतो तो पुस्तकाचा क्रम हाच वर्षाचा क्रम मानल्यामुळे.

एक उदाहरण म्हणून आकडेमोड करून पाहू. आठवड्यास विज्ञानाच्या सहा तासिका आणि अध्यापनाचे तीस आठवडे धरले तर १८० तासिका होतात. अठरा प्रकरणांना प्रत्येकी दहा. कागदावरचे नियोजन येथेच संपते. वर सांगितलेल्या वजाबाकीत चाळीस तासिका गेल्या असे मानले तर हाती १४० राहतात. वर्षारंभी वेळ मुबलक वाटतो, म्हणून पहिल्या सहा प्रकरणांना प्रत्येकी बारा तासिका दिल्या जातात, ७२ संपतात. पुढील सहांना प्रत्येकी आठ मिळतात. आणखी ४८ जातात. शेवटच्या सहा प्रकरणांसाठी मग वीस तासिका उरतात, म्हणजे प्रत्येकी सव्वातीनच्या आसपास. शाळेगणिक आकडे बदलतील, पण त्यांचा उतार बदलणार नाही. पहिल्या प्रकरणाला ऐसपैस वेळ आणि सोळाव्याला तीन तासिका, ही विभागणी कोणी ठरविलेली नसते. ती न ठरविल्यामुळे होते.

सोळाव्या प्रकरणात काय आहे हे पाहिले म्हणजे ही बाब केवळ शालेय व्यवस्थापनाची राहत नाही. गुणसूत्रे, डीएनए आणि आरएनए, मेंडेलचे एकसंकर व द्विसंकर प्रयोग, आणि मग आनुवंशिक विकृती असा त्याचा विस्तार आहे. या विकृतींमध्ये सिकलसेल ॲनिमियाचा समावेश आहे. मुंबईच्या उपनगरातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो कदाचित दोन गुणांचा प्रश्न असेल. पूर्व विदर्भात तो घराघरातील प्रश्न आहे. येथील आदिवासी, अनुसूचित जातींतील आणि काही इतर मागासवर्गीय समाजांत हा विकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. सांधे धरून रडणारे मूल, वारंवार येणारा ताप, पिवळे पडणारे डोळे आणि दवाखान्याच्या फेऱ्या यांचे कारण कित्येक घरांना फार उशिरा कळते. केंद्र शासनाने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंत हा विकार सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून संपविणे आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे हे तिचे उद्दिष्ट आहे. रक्ताची तपासणी आरोग्य खाते करील. त्या तपासणीच्या निकालाचा अर्थ समजण्याची पात्रता मात्र शाळेतच यावयास हवी, आणि ती देणारे प्रकरण तीन तासिकांत उरकले जात आहे.

तीन तासिकांत काय साधते आणि काय राहून जाते, हे नेमके पाहणे आवश्यक आहे. व्याख्या फळ्यावर लिहून देता येते. हिमोग्लोबिनमधील एका अमिनो आम्लाची जागा दुसऱ्याने घेतल्यामुळे तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते, हेही सांगून होते. राहून जाते ते असे की, वाहक म्हणजे रुग्ण नव्हे; वाहक सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगतो. राहून जाते ते असे की, दोन वाहकांच्या विवाहात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल रुग्ण होण्याची शक्यता एक चतुर्थांश असते, वाहक होण्याची निम्मी आणि पूर्णतः मुक्त असण्याची एक चतुर्थांश. ‘चारांतले एक’ याचा अर्थ पुष्कळ जण असा घेतात की, पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन सुखरूप. हा गैरसमज व्याख्येने जात नाही. वर्गातील चाळीस मुलांनी दोन-दोन नाणी प्रत्येकी दहा वेळा उडवावीत, चारशे निकाल फळ्यावर मांडावेत, दोन्ही छापे कितीदा पडले ते मोजावे, आणि एखाद्याला लागोपाठ दोनदा तसे पडले हेही स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, तेव्हा तो जातो. त्यासाठी एक पूर्ण तासिका लागते, आणि मार्च महिन्यात तेवढी तासिका शिल्लक नसते.

शिवाय मार्चमध्ये मुलेही वर्गात नसतात. मोह वेचण्याची वेळ आणि सकाळच्या शाळेची वेळ एकच आहे. ज्या कुटुंबांची उपजीविका जंगलावर अधिक अवलंबून, त्यांची मुले त्या दिवसांत अधिक गैरहजर राहणार, हे उघड आहे. आणि ज्या समाजांत सिकलसेल अधिक आढळतो त्यांतले पुष्कळ लोक याच कुटुंबांमध्ये आहेत. म्हणजे ज्या मुलाला हे प्रकरण सर्वांत अधिक कळावयास हवे, तेच मूल ते शिकविले जात असताना मोहाच्या झाडाखाली असण्याचा संभव सर्वाधिक. कोणीही वाईट हेतूने हे घडवून आणलेले नाही. पण वेळापत्रक बनविणाऱ्याने दोन कॅलेंडरे शेजारी ठेवून एकदा जरी पाहिली असती तरी ते टळले असते.

दहावीतही असाच प्रकार आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागात दहा प्रकरणे आहेत. आनुवंशिकता व उत्क्रांती हे पहिले असल्यामुळे त्याला भरपूर वेळ मिळतो. नववे प्रकरण सामाजिक आरोग्याचे आहे, आणि त्यात व्यसनाधीनतेचा विचार केलेला आहे. ज्या जिल्ह्यात खर्रा पानठेल्यावर सहज मिळतो आणि कित्येक मुलांच्या तोंडी तो शाळकरी वयातच लागतो, तेथे तंबाखूचा तोंडातील पेशींवर काय परिणाम होतो हा वर्षाच्या शेवटी, सराव प्रश्नपत्रिकांच्या गर्दीत, ‘घरी वाचून या’ म्हणून सोडून देण्याचा विषय खचित नाही. आरोग्याशी निगडित असलेला भाग पुस्तकाच्या अखेरीस ठेवण्याची आपली जुनी सवय आहे. शेवटी ठेवलेले घाईत जाते, आणि घाईत गेलेले कमी महत्त्वाचे होते असा समज मुलांच्या मनात रुजतो.

या चित्राची दुसरी बाजू संधीची आहे, आणि तीही वाया जाते. जीवशास्त्र हे ऋतूंना बांधलेले शास्त्र आहे. जुलै-ऑगस्टमध्ये चोरखमाऱ्याच्या परिसरात शेवाळ, हरिता आणि नेचे शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. बोडीच्या काठावर आणि ओल्या भिंतींवर वनस्पतींच्या वर्गीकरणाचे निम्मे प्रकरण उगवलेले असते. कुजणाऱ्या लाकडावर कवके दिसतात, डबक्यांत बेडकांची पिले वाढतात. त्याच सुमारास वर्गात मात्र गतीचे नियम चालू असतात. वनस्पतींचे वर्गीकरण येते तोवर पाऊस ओसरू लागलेला असतो आणि हरितेची ओळख पुस्तकातील आकृतीवरून करून द्यावी लागते. सप्टेंबरमध्ये धानावर तुडतुडे, खोडकिडा आणि गादमाशी येते. त्यांचे जीवनचक्र, त्यांना खाणारे कोळी व चतुर, आणि अवेळी केलेल्या फवारणीने या भक्षकांचाच होणारा नाश हा अन्नसाखळीचा धडा शेतकऱ्याच्या मुलाला पोटाच्या भाषेत समजतो. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित पक्षी उतरतात. तेव्हा प्राण्यांचे वर्गीकरण शिकविता येते. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी भागातील दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडण्यात आल्या. एका जंगलातील वाघीण दुसऱ्या जंगलात का न्यावी लागते, या एका प्रश्नावर परिसंस्था, जैवविविधता आणि आनुवंशिकता ही तिन्ही प्रकरणे गुंफता येतात. गतीच्या नियमांना ऋतू नसतो. चेंडू ऑगस्टमध्ये जसा खाली पडतो तसाच फेब्रुवारीतही पडतो. जे केव्हाही शिकविता येते ते मागे ठेवावे आणि जे त्याच वेळी दिसते ते पुढे आणावे, इतकी ही साधी गोष्ट आहे.

ती होत का नाही? वार्षिक नियोजन, घटक नियोजन आणि पाठ टाचण या तीन वह्या प्रत्येक शिक्षकाला ठेवाव्याच लागतात. म्हणजे नियोजनाचा अभाव आहे असे म्हणता येणार नाही. परंतु या वह्या बहुधा तपासणीसाठी लिहिल्या जातात. मागील वर्षीचे नियोजन उतरवून काढले आणि तारखा बदलल्या की काम भागते. तपासणीस येणारा अधिकारी ‘अभ्यासक्रम कोठवर आला?’ असे विचारतो. मुलांना काय आले, असे क्वचितच विचारतो. पुढे सरकण्याचा वेग हीच कार्यक्षमता ठरली म्हणजे शिक्षकही त्याच मापाने वागू लागतो. त्यातच लहान शाळांत विज्ञान आणि गणित यांचा भार एकाच शिक्षकावर असतो. पदवीला ज्याने भौतिकशास्त्र घेतले त्याला जीवशास्त्राच्या प्रकरणांचा धसका असतो, आणि ती आपोआप मागे ढकलली जातात. अशा शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. त्याला आधार देण्याची व्यवस्था मात्र कोणी उभी केलेली नाही.

अर्थशास्त्रात दुर्मिळ साधनाच्या वाटपाचा एक साधा नियम आहे: शेवटचा रुपया ज्या ज्या ठिकाणी खर्च होतो, तेथे त्याने मिळणारा लाभ सारखा असावा. एका ठिकाणी तो कमी आणि दुसऱ्या ठिकाणी अधिक असेल, तर पहिल्याकडून काढून दुसऱ्याकडे वळविण्यात शहाणपण आहे. शाळेत तासिका हे सर्वांत दुर्मिळ साधन आहे. पैसा उसना आणता येतो, इमारत वर्गणीतून उभी राहते. गेलेली तासिका परत येत नाही. पहिल्या प्रकरणाची बारावी तासिका मुलाच्या ज्ञानात जी भर घालते, तिच्याहून सोळाव्या प्रकरणाची चौथी तासिका कितीतरी अधिक भर घालील, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. कुटुंबाचे अंदाजपत्रक चालविणारी कोणतीही गृहिणी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सारा पगार खर्चून शेवटच्या आठवड्यात औषधाला पैसे नाहीत अशी वेळ येऊ देत नाही. औषधाचे पैसे ती आधी बाजूला काढते. शाळेचे अंदाजपत्रक मात्र वर्षानुवर्षे नेमके उलट चालले आहे.

यावर काही आक्षेप घेतले जातील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की, प्रकरणांचा क्रम बदलल्यास तार्किक सलगता तुटेल. काही ठिकाणी हे खरे आहे. पण सर्वत्र नाही. पेशी व पेशीअंगके यांचा परिचय आठवीतच झालेला असतो, त्यामुळे नववीतील आनुवंशिकतेच्या प्रकरणाला त्याच पुस्तकातील पहिल्या पंधरा प्रकरणांची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरा आक्षेप समानतेचा: राज्यभर एकच क्रम असला म्हणजे बदली झालेल्या पालकांच्या मुलांचे नुकसान होत नाही. परंतु अशा मुलांची संख्या आणि रोवणी किंवा मोहाच्या दिवसांत गैरहजर राहणाऱ्या मुलांची संख्या यांची तुलना केल्यास या भागात कोणाच्या सोयीला प्राधान्य द्यावे हे ठरविणे कठीण जाऊ नये. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या अखिल भारतीय परीक्षेत ग्रामीण मूल मागे पडू नये म्हणून कोणताच भाग वगळता कामा नये, असे पालक म्हणतात. त्यांची भीती रास्त आहे. पण येथे काहीही वगळावयाचे नाही; आज शेवटची प्रकरणे जी नावापुरती शिकविली जातात ती खरोखर शिकविली जावीत, एवढाच आग्रह आहे. आणि जीवशास्त्राच्या कोणत्याही प्रवेश परीक्षेत आनुवंशिकतेचे महत्त्व पहिल्या प्रतीचे असते.

यात नवे असे काही नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी परिसरातील उत्पादक कामाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. ती विदर्भाच्याच भूमीत मांडली गेली. १९७२ साली शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा एक प्रयोग सुरू झाला. मुलांनी शेतात व ओढ्याकाठी जावे, पाने, किडे आणि माती गोळा करावी, प्रयोग स्वतः करावे, आणि परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा असावी, अशी त्याची पद्धत होती. पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. तो बंद झाला, पण ग्रामीण शिक्षक आपल्या परिसरातून विज्ञान शिकवू शकतो हे तीस वर्षांत सिद्ध करून गेला. १९९३ साली यशपाल समितीने दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे मोठे आहे, हा विचार देशापुढे ठेवला. २०२० साली साथीच्या काळात महाराष्ट्र शासनाने अभ्यासक्रमात पंचवीस टक्के कपात केली. वेळ अपुरा पडला की निवड करावी लागते, हे तेव्हा शासनानेच मान्य केले. ती निवड पुण्यात बसून सर्व राज्यासाठी एकदम करावी लागली, ही त्या वेळची अडचण होती. दरवर्षी अपुऱ्या पडणाऱ्या वेळेतील निवड तिरोड्यात आणि गोरेगावात बसून करता येण्यासारखी आहे.

यासाठी नव्या कायद्याची किंवा मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. नववीची परीक्षा शाळाच घेते. मंडळाचा तिच्याशी संबंध नाही. म्हणजे नववीचा क्रम बदलण्यास आजही कोणाची आडकाठी नाही. नाही ती केवळ तशी प्रथा. उन्हाळी सुट्टी संपण्यापूर्वी तालुक्यातील विज्ञान शिक्षकांनी दोन दिवस एकत्र बसावे. एका कागदावर शाळेच्या सुट्ट्या व परीक्षा आणि दुसऱ्यावर पऱ्हे, रोवणी, कापणी, मोह व तेंदू यांचे आठवडे मांडावेत. मग वर्षाच्या आरंभाकडून नव्हे, तर न चुकविण्याजोग्या गोष्टींकडून नियोजनास प्रारंभ करावा. आनुवंशिकतेचे प्रकरण रोवणी आटोपल्यावर आणि कापणी लागण्यापूर्वी, म्हणजे सप्टेंबरमध्ये घ्यावे. त्या वेळी हजेरी चांगली असते. शाळेतील मुलांची आरोग्य तपासणी करणारी पथके येतात, त्यांची भेट शक्यतो त्याच पंधरवड्यात ठरवावी. म्हणजे जे वर्गात शिकले त्याचा अर्थ मुलाला रक्ताच्या चाचणीत दिसेल. येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. कोणत्याही मुलाचा निकाल वर्गात उघड होता कामा नये. आजाराची माहिती देताना मुलावर किंवा त्याच्या समाजावर शिक्का बसला, तर शिकविल्यापेक्षा न शिकविलेले बरे, असे म्हणण्याची पाळी येईल. याच तासांत आफ्रिकेतील संशोधनाचा उल्लेख करता येईल. सिकलसेलच्या वाहकांना तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, असे ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवून दिले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक का टिकून राहिले, याचा उलगडा झाला की तो कोणाच्या कुळाचा कलंक राहत नाही; निसर्गाच्या इतिहासाचा एक भाग होतो.

नियोजनात आणखी एक गोष्ट हवी. शासनाच्या अंदाजपत्रकात आकस्मिक खर्चासाठी निधी राखून ठेवलेला असतो. तसा तासिकांचाही ठेवावा. दहा तासिकांमागे एक तरी कोणत्याही प्रकरणाला न देता मोकळी सोडावी. अतिवृष्टीने शाळा बंद पडली, शिक्षकाला निवडणुकीच्या कामाला जावे लागले किंवा एखादी कल्पना मुलांना समजलीच नाही, तर ती तासिका उपयोगी पडेल. प्रत्येक दिवस आगाऊ भरून ठेवलेले नियोजन पहिल्याच पावसात वाहून जाते, आणि मग सारे वर्ष पाठलागात जाते. रोवणीनंतर परतलेल्या मुलांसाठी एक आठवडा उजळणीला द्यावा, ही याच राखीव निधीतून भागणारी गरज आहे. अधिकाऱ्यांनीही तपासणीचा प्रश्न बदलावा. ‘कोठवर आला?’ याऐवजी ‘कोणते प्रकरण केव्हा ठेवले, आणि का?’ असे विचारले, तर टाचण वहीला पुन्हा अर्थ येईल.

यात कोणाचेच नुकसान नाही, असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. सोळाव्या प्रकरणाला नऊ तासिका द्यावयाच्या तर इतर प्रकरणांतून पाच-सहा काढाव्या लागतील. गतीच्या नियमांवरील उदाहरणे कमी होतील. शिक्षकाच्या आवडत्या प्रकरणावर गंडांतर येईल. काही मजकूर मुलांनी घरी वाचावयाचा असे ठरेल. दहावीत तर मंडळाच्या प्रश्नपत्रिकेचा दाब असतोच, आणि तेथे क्रम बदलला तरी प्रमाण फारसे बदलता येणार नाही. म्हणून आरंभ नववीपासून करावा हे बरे. परंतु त्याग तर आजही होतोच आहे. फरक एवढाच की, आज तो कोणी विचारपूर्वक करीत नाही; वर्षाच्या अखेरीस जे हाती लागेल त्याचा तो होतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. नवी पुस्तके येतील, त्यांत प्रकरणांची संख्या कमी-अधिक होईल, क्रमही बदलेल. पण नवे पुस्तकही कोणत्या तरी प्रकरणाने सुरू होणार आणि कोणत्या तरी प्रकरणाने संपणार. पुस्तक राज्याचे असले तरी वर्ष गावाचे असते, हे मान्य करून शाळांना क्रम ठरविण्याची मुभा स्पष्ट शब्दांत दिली गेली नाही, तर नव्या पुस्तकाचीही शेवटची प्रकरणे मार्चच्या उन्हात सापडतील.

चोरखमाऱ्याच्या तलावाचे पाणी कोणत्या बांधीला केव्हा सोडावे याचे नियोजन शेतकरी गेली शंभर वर्षे करीत आला आहे. शेपटाकडच्या शेताला पाणी पोचले नाही तर तेथील धान गर्भाशी येताना वाळते, हे त्याला ठाऊक आहे. म्हणून वरच्या शेताचे दार वेळीच बंद करण्याचा नियम गावाने घालून घेतलेला असतो. शाळेच्या वर्षाला असा नियम घालणे हे तितकेच आवश्यक आणि तितकेच साध्य आहे. सप्टेंबरमधील नऊ तासिकांनी सिकलसेल नाहीसा होणार नाही. मात्र आज नववीत बसलेली मुलगी सहा-सात वर्षांनी विवाहाच्या उंबरठ्यावर उभी राहील, तेव्हा आपल्या आणि होणाऱ्या पतीच्या रक्ताच्या तपासणीचा कागद तिला वाचता यावा, आणि त्यातील एक चतुर्थांशाचा अर्थ तिला कळावा, एवढे त्या नऊ तासिकांनी निश्चित होऊ शकेल.